मशीनला तेल

थोरलीच्या तोंडात टाचण्या असल्या की दुकानात शांतता असते, असं तिच्या सासूबाई म्हणायच्या. कोटाची ट्रायल चालली की थोरली ओठांत आठ-दहा टाचण्या धरायची आणि एकेक काढून कापडाला लावायची. तेवढ्या वेळात सासूबाई जरा पाय लांब करून बसायच्या. शेवटची टाचणी लागली की पाय परत आखडून घ्यायच्या, कारण आता काय कानावर पडेल त्याचा नेम नसे.

शिवणाचं दुकान घराच्याच तळमजल्यावर होतं. लांबट खोली, रस्त्याकडे काचेचं दार, मधोमध बेतायचं मोठं टेबल, खिडकीपाशी मशीन, आणि कोपऱ्यात सासूबाईंची खुर्ची. काज आणि हातशिलाई त्यांच्याकडे. टेबल थोरल्या सुनेचं, मशीन धाकट्या सुनेचं. थोरली कापड बेते, धाकटी शिवे. थोरलीची कात्री लोण्यातून फिरावी तशी फिरायची, पण मशीनवर बसली की तिची टीप अशी वाकडीतिकडी जाई की कोणी ती उसवून पुन्हा घालायलाच बसावं. धाकटी शिवायची ती पट्टीनं आखल्यासारखं. पण तिच्या हातात कात्री दिली की ती कापडाकडे बघून रडवेली व्हायची. म्हणजे दोघी मिळून एक शिंपीण होत्या, असं म्हणा ना.

आता थोरलीच्या तोंडाबद्दल. एक किडकिडीत नवरदेव लग्नाचा कोट शिवायला आला. माप घेऊन झाल्यावर थोरली त्याला म्हणाली, ‘‘कोटाला खांदे मी लावीन हो, तुम्हाला कुठून लावू?’’ एका जाड बाईंचं माप घेताना तिनं आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, ‘‘आई, टेप संपली, कपडे वाळत घालायची दोरी द्या!’’ दुकानातले सगळे पोट धरून हसले. त्या बाईही हसल्या. लोक या बाईचे किस्से आपापल्या घरी जाऊन सांगत. काहीजण तर बटण लावायच्या निमित्तानं यायचे आणि तासभर बसून जायचे.

मनानं वाईट नाही हो ती, असं सगळेच म्हणायचे. खरंच नव्हती. कोणाच्या घरी आजारपण निघालं की पहिला डबा हिचा. पण मी म्हणते, मन कोणाला दिसतं? कानावर पडतं ते तोंडातलं. आणि ते डबा रिकामा झाला तरी राहतं.

धाकटी मात्र अगदी गरीब. तिच्या उजव्या हातावर कोपराखाली भाजल्याचा मोठा डाग होता. तो थोरलीचाच प्रताप. गरम इस्त्री हातात धरून थोरली कोणाला तरी काही सुनवायला गर्रकन वळली होती आणि धाकटी नेमकी मागे. पायाच्या अंगठ्याचं नखही एकदा थोरलीच्या हातून पडलेल्या कात्रीनं गेलं होतं. धाकटी हे सगळं गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायची, जणू लढाईत मिळवलेली पदकं.

तर एका सकाळी धाकटा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, नळदुरुस्तीची पिशवी खांद्याला लावून दुकानात आला आणि दारातच घुटमळला.

‘‘वहिनी, एक सांगायचं होतं. ही पहिल्या तारखेपासून शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांकडे कामाला जाणार. रविवारी गाडी बोलावतो. मशीन तिचंच आहे, ते घेऊन जाऊ.’’

थोरलीच्या हातातला खडू तसाच राहिला.

‘‘तिकडे काय ठेवलंय? दिवसभर एकसारख्या चड्ड्या शिवणार? ताट-वाटी वेगळी करायचीय का तुम्हाला?’’

‘‘तसं नाही हो. मला विचारू नका. मला एवढंच ठाऊक की ती हल्ली घरात मुकी असते. मुलीला झोपवताना थोपटते, बस. आधी गायची.’’

‘‘कोणी काही बोललं का तिला?’’

दिरानं वहिनीकडे असं पाहिलं, जणू गळक्या नळाखाली उभं राहून ती ‘कुठे गळतंय का?’ असं विचारत होती. मग तो पिशवी सावरत निघून गेला.

थोरलीला रात्रभर चैन पडलं नाही. आता म्हणाल, धंदा बसेल म्हणून. धंदा बसणारच होता, ते वेगळं. पण लग्न होऊन आली तेव्हा धाकटी एवढीशी होती, जेवायला बसायलाही लाजायची. थोरलीनं तिला मशीनवर बसवलं, दोरा ओवायला शिकवलं, पहिल्या बाळंतपणात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ती खिडकीपाशी नसली तर त्या खोलीत कोणासाठी जायचं? थोरलीला एकदम भरून आलं आणि तिनं कुशीवर वळून नवऱ्याला घोरण्यावरून दोन शब्द सुनावले.

सकाळी उठल्याउठल्या ती औषधाच्या दुकानात गेली आणि भाजल्यावर लावायचं मलम घेऊन आली.

‘‘हात पुढे कर,’’ ती धाकटीला म्हणाली. ‘‘माझ्या हातून चुकलं. मी तेव्हा नीट माफीही मागितली नाही. मनात ठेवू नकोस.’’

धाकटी खुदकन हसली. ‘‘ताई, अहो हा डाग तर घरात सगळ्यांचा लाडका आहे. माझी मुलगी याला बदक म्हणते. झोपताना बदकाला हात लावल्याशिवाय ती डोळे मिटत नाही. हे मलम लावून बदक गेलं तर रडून घर डोक्यावर घेईल!’’

‘‘मग अंगठा?’’

‘‘नख परत आलं की! आधीच्यापेक्षा सरळ आलं.’’

‘‘मग चाललीस कशाला बाई?’’

धाकटीचं हसू मावळलं. ती मशीनमधली दोऱ्याची बॉबीन काढून परत बसवायला लागली. ‘‘काही नाही हो ताई. उगीच. बदल.’’

थोरली काय समजायचं ते समजली. इस्त्रीनं नाही, कात्रीनं नाही, म्हणजे तोंडानं. पण कोणत्या वाक्यानं? इथेच सगळी पंचाईत झाली. रोज जेवढी बटणं तुटायची तेवढी वाक्यं तिच्या तोंडून सुटायची. त्यातलं नेमकं कोणतं लागलं, ते कसं कळणार? माफी मागायची तर कशाची हे माहीत हवं ना. तिनं शोध घ्यायचं ठरवलं.

पहिला नंबर नवऱ्याचा. तो पोस्टात होता, शांत गडी. संध्याकाळी चहा पुढ्यात ठेवून तिनं विचारलं, ‘‘अहो, मी धाकटीला काही लागेल असं बोलल्याचं तुम्हाला आठवतंय का?’’

‘‘धाकटीला?’’ त्यानं चहात बघितलं. ‘‘तिचं नाही आठवत. माझं आठवतं.’’

‘‘तुमचं काय?’’

‘‘मिशी.’’

‘‘मिशीचं काय? उकाड्यात त्रास होतो म्हणून काढलीत ना तुम्ही?’’

‘‘थंडीचे दिवस होते,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्या बहिणीसमोर म्हणालीस, आमच्याकडे आधी मिशी येते, मागून नवरा येतो. सगळे हसले. मी दुसऱ्या दिवशी काढून टाकली.’’

थोरलीला ती मिशी मनापासून आवडायची. ती गेली तेव्हा ती मैत्रिणीपाशी हळहळली होती. ‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘काय बोलू? त्याच्यावर तू आणखी एक काहीतरी बोलली असतीस.’’

दुसऱ्या दिवशी बटणवाला आला. हा गृहस्थ बटणं, दोरे, चेन असं सगळं पेटीत घेऊन दुकानोदुकानी फिरायचा. पूर्वी तो आत येऊन बसायचा, चहा घ्यायचा, इकडच्यातिकडच्या गोष्टी सांगायचा. हल्ली दारातूनच पेटी उघडायचा आणि दारातूनच जायचा. थोरलीला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

‘‘दादा, आत या की. मी तुम्हाला कधी काही बोलले का हो?’’

बटणवाल्यानं आजूबाजूला पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘विशेष काही नाही हो बाई. मी प्रवासातली गोष्ट सांगत होतो. बस बंद पडल्याची. तुम्ही म्हणालात, तुमची गोष्ट संपेपर्यंत बटणांची फॅशन बदलेल.’’

‘‘अहो, गंमत होती ती!’’

‘‘गंमतच होती. मीही हसलो. पण तेव्हापासून कुठेही काही सांगायला लागलो की मध्येच थांबतो. घरीसुद्धा. बायकोला विचारतो, लांबतंय का गं? तिला वाटतं, मला काही आजार झालाय.’’

‘‘मग त्या बसचं पुढे काय झालं?’’ थोरलीनं कळवळून विचारलं.

‘‘राहू द्या,’’ असं म्हणून त्यानं काळी बटणं मोजून टेबलावर ठेवली आणि तो गेला.

थोरली मटकन स्टुलावर बसली. एका वाक्याच्या शोधात निघालेली बाई, आणि जिथे हात घालावा तिथे आपलंच वाक्य सापडतंय. तेही ताजं, टवटवीत, जपून ठेवलेलं. तिला मात्र एकही आठवत नव्हतं. बोलणाऱ्याचं काय जातं? बोलून मोकळा होतो.

धाकटी मुलीला आणायला शाळेत गेली होती. कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. ‘‘सगळीकडे विचारत फिरतेस. मला नाही विचारलंस?’’

‘‘तुम्हालाही काही बोलले का, आई?’’

‘‘माझं राहू दे. मला मरेपर्यंत पुरेल एवढं आहे.’’ सासूबाईंनी सुई कापडाला टोचून ठेवली. ‘‘धाकटीचं मला माहीत आहे. मी इथेच होते. मीही हसले होते, तोंडात दात नसताना.’’

‘‘सांगा ना मग!’’

‘‘मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या, कोटाची ट्रायल होती. धाकटी शिवता शिवता गात होती. बाई म्हणाल्या, किती छान गुणगुणते हो तुमची जाऊ. तुझ्या तोंडात टाचण्या होत्या. तू त्या हातात काढल्यास. एवढ्यासाठी, बघ. काढल्यास आणि म्हणालीस, गुणगुणते कुठली, मशीनला तेल घालायचं राहिलंय.’’

थोरलीला आठवलं. त्या वाक्यावर लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून. मुख्याध्यापिकाबाईंना ठसका लागला होता. धाकटीही हसली होती, सगळ्यांत मोठ्यानं.

‘‘आणि दुसऱ्या दिवशी,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘सकाळी लवकर येऊन तिनं मशीनला तेल घातलं. गरज नव्हती. घातलं. आणि मुकाट्यानं शिवायला बसली. तेव्हा तू काय म्हणालीस, तेही सांगू?’’

नको, नको. थोरलीला तेही आठवलं. ती कौतुकानं म्हणाली होती, ‘‘बघ, तेल घातल्याबरोबर कसं बिनआवाजी चालतंय!’’ देवाशपथ, तिला वाटलं होतं मशीनचाच आवाज कमी झाला. इतके दिवस खोलीत काहीतरी कमी आहे हे तिला जाणवत होतं, आणि ती तेलाला शाबासकी देत होती.

धाकटी परत आली तेव्हा थोरली मशीनपाशी उभी होती. सासूबाई नातीला घेऊन वर गेल्या. जाताना दार ओढून घेतलं.

‘‘तेलाचं ना?’’ थोरली म्हणाली.

धाकटी खाली बसली आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाली, ‘‘मी गातेय, हे मला माहीतच नव्हतं, ताई. ते आपोआप व्हायचं. तुम्ही बोललात तेव्हा कळलं की मी गाते, आणि लगेच हेही कळलं की कसं गाते. आता तोंड उघडलं की आधी तुमचं वाक्य येतं. मग सगळ्यांचं हसणं येतं. गाण्याची पाळीच येत नाही.’’

‘‘अगं, माझ्याशी तेव्हाच का नाही भांडलीस?’’

‘‘कशावरून भांडू? इस्त्री लागली तेव्हा तुम्ही धावत बर्फ आणलात, सगळ्यांनी फुंकर घातली. दाखवायला डाग होता. इथे काय दाखवू? मीही हसले होते ना. त्याचा तर मला जास्त राग येतो.’’

थोरलीला गोड बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे तिनं आपल्या परीनं उपाय काढला. ‘‘फिट्टंफाट करून टाक. ही इस्त्री घे, मला एक चटका दे.’’

‘‘इस्त्रीनं काय होणार?’’

‘‘मग बोल. मला एक बोल. चांगलं जिव्हारी लागेल असं.’’

धाकटी नको नको म्हणाली. थोरली हटून बसली. शेवटी धाकटी खिडकीबाहेर बघत अगदी हळू म्हणाली, ‘‘ताई, लोक तुमच्या विनोदाला हसत नाहीत. आज आपली पाळी नाही, म्हणून हसतात.’’

बोलली आणि स्वतःच रडायला लागली. थोरली तिला ‘अगं, मला काही नाही झालं’ असं म्हणाली, पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. आणि वर जाऊन जी पलंगावर पडली ती जेवायलाही उठली नाही. नवऱ्यानं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. ‘‘कुठे दुखतंय?’’ त्यानं विचारलं. कुठे म्हणून सांगणार? एवढंसं वाक्य, तेही मागून घेतलेलं! ती कूस बदले, वाक्य कूस बदले.

दुकानात तर आणखी वाईट. कोणी गिऱ्हाईक सहज हसलं तरी हिला वाटे, पाळी नाही म्हणून हसतंय. एक आजोबा पँट आखूड करायला आले, ती नुसतं माप घेऊन ‘‘मंगळवारी या’’ म्हणाली. आजोबा दारापर्यंत गेले, परत आले आणि काळजीनं म्हणाले, ‘‘बाई, तब्येत बरी आहे ना?’’

शनिवार उजाडला. मशीन न्यायची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. धाकटी खाली मान घालून हातातली कामं उरकत होती, कोपऱ्यात सासूबाई, बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं. आणि मुख्याध्यापिकाबाई आल्या, नव्या लांब कोटाच्या ट्रायलला. बाईंचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

‘‘काय हो,’’ आत पाऊल ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, ‘‘आज मशीनला तेल घातलेलं दिसतंय! आवाज नाही!’’

बाकावरचे हसले. विनोद सगळ्यांना पाठ होता. धाकटीचा पाय मशीनच्या पायडलवर थबकला.

थोरलीच्या जिभेवर मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाबद्दल, पोटाबद्दल आणि त्या दोहोंच्या न होणाऱ्या भेटीबद्दल असं एक वाक्य तयार झालं की काय सांगू. तिच्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम वाक्य होतं. बाकावरची मंडळी पुढे सरकली. थोरलीनं तोंड उघडलं. मग डबीतून मूठभर टाचण्या घेतल्या आणि ओठांत घट्ट धरल्या. मुख्याध्यापिकाबाईंना कोट चढवला, एक बाही वळवली. खोलीत सगळे वाट बघत होते. मग तिनं टाचण्या परत हातात काढल्या.

‘‘ते माझं वाक्य आहे, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘आणि वाईट वाक्य आहे. मशीनचा आवाज नव्हताच तो. माझी जाऊ गात होती. मी चारचौघांत बोलून तिचं गाणं बंद पाडलं, म्हणून चारचौघांतच सांगते. मला त्याची लाज वाटते.’’

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना कुठे बघावं कळेना, त्या आरशात बघायला लागल्या. थोरलीनं टाचण्या परत तोंडात कोंबल्या, खाली बसली आणि कोटाची कड दुमडायला लागली. डोळे भरल्यामुळे तिला कड दिसत नव्हती.

बऱ्याच वेळानं मशीन सुरू झालं. एक टीप गेली, दुसरी गेली. आणि त्या घरघरीखालून काहीतरी बारीकसं ऐकू यायला लागलं. धाकटी गात होती. आता खोटं कशाला बोलू, गाणं बेसूर होतं. चांगलंच बेसूर होतं. चढायचं तिथे उतरत होतं आणि उतरायचं तिथे वाट चुकत होतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं, भुवया वर गेल्या, ओठ विलग झाले, आणि—

‘‘आई गं!’’ त्या ओरडल्या.

टाचणी पोटरीत गेली होती. चुकून की मुद्दाम, ते थोरलीला माहीत आणि टाचणीला. ‘‘माह करा हं,’’ थोरली भरल्या तोंडानं म्हणाली. बाईंनी पोटरी चोळली आणि पुढे काही बोलायचं विसरून गेल्या. तेवढ्यानं काय होतं? संध्याकाळपर्यंत कुठे टोचलं तेही सापडलं नसतं.

गाणं थांबलं. धाकटीनं मान वर केली. ‘‘ताई, बेसूर होतं ना?’’

खोली कान टवकारून बसली. सासूबाईंनी पाय आखडून घेतले. थोरलीनं तोंडातली एकेक टाचणी काढली आणि टेबलावरच्या टाचण्यांच्या उशीला टोचली. घाई केली नाही. शेवटची टोचून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘पुढचं येतं का?’’

‘‘येतं.’’

‘‘मग म्हण की.’’

धाकटीनं पुन्हा पाय चालवला. पुढचं सुरू झालं, आधीच्यापेक्षाही बेसूर आणि जरा मोठ्यानं. तेवढ्यात काचेच्या दारातून दिरानं डोकं आत घातलं. ‘‘काय गं, उद्या गाडी किती वाजता बोलवू?’’

‘‘कसली गाडी?’’ धाकटी चिडून म्हणाली. ‘‘मध्येच बोलू नका हो, ओळ विसरते मी!’’